तीन तिरके स्क्रू

जळगावातल्या एका खासगी इस्पितळात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. प्रत्येक ऑपरेशनची माझी यादी असते: काय आलं, काय वापरलं, काय परत गेलं. यादीशिवाय मी ट्रे उघडत नाही.

माझा धाकटा भाऊ एरंडोलजवळच्या गावात राहतो. रावेरहून केळीचा ट्रक भरून दिल्लीला न्यायचा. नशिराबादच्या अलीकडे मोटारसायकलवरून पडला आणि डावी मांडी गुडघ्याच्या जरा वर मोडली. डावा म्हणजे क्लचचा पाय. स्ट्रेचरवरून त्याचा पहिला प्रश्न, "अक्का, गाडी चालाडता यी ना माले?"

"चार महिन्यांत," मी म्हटलं.

घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आम्ही टेबलाशी उभे राहत नाही. लेखी नियम नाही, पण पाळतात सगळे. मी ऑपरेशन करणाऱ्या सरांच्या मागे लागले. माझा भाऊ आहे, ट्रे माझ्याच हाती असू दे. ते म्हणाले, "या. पण सिस्टर म्हणून या, बहीण म्हणून नको."

अशा मोडीला लॉकिंग प्लेट लावतात. तिच्या भोकांना आतून आटे असतात, स्क्रूच्या डोक्यालाही असतात. दोन्ही एकमेकांत बसले की प्लेट आणि स्क्रू मिळून एकच वस्तू होते आणि हाड जुळेपर्यंत भार तीच पेलते. पण त्यासाठी स्क्रू भोकाच्या नेमक्या रेषेत जावा लागतो. म्हणून भोकात आधी एक छोटी नळी आट्यांवर फिरवून बसवायची आणि ड्रिल तिच्यातूनच घालायचं. थोडा कोन चुकला तरी डोकं वाकडं अडकतं. हाताला घट्ट लागतं, पण धरलेलं नसतं.

प्लेटांचा सेट धुळ्याहून पहाटेच्या बसने आला. यादीप्रमाणे नळ्या दोन हव्या होत्या. आली एक, तीही आटे झिजलेली. मी लाल पेनने गोल केला आणि धुळ्याच्या पुरवठादाराला फोन लावला.

"ताई, दुसरी नंदुरबारच्या केसला गेलीय. उद्या सकाळी पोचवतो."

सरांना सांगितलं. "उद्या करू या का?"

"पेशंट रात्रीपासून उपाशी, भूलवाले येऊन बसलेत. चालतं हो."

पहिल्या काही भोकांना नळी कशीबशी धरली. मग ती बसेचना. गुडघ्याकडचे शेवटचे तीन स्क्रू सरांनी नुसत्या नजरेने मारले. स्क्रू पुरेसा आवळला की पाना टक् वाजतो. तिन्ही वेळा वाजला. वाकड्या आट्यांतही तो वाजतो, हे मला माहीत होतं. दोन डोकी प्लेटच्या वर राहिलेली मला स्पष्ट दिसत होती.

"सर, हे बसलेलं नाही वाटत."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमचा भाऊ आहे ना, म्हणून तसं वाटतंय. टाके द्या."

सगळे हसले. मी टाके दिले. दुसरा कोणी पेशंट असता तर मी पुन्हा बोलले असते. त्या दिवशी मी तिथे मेहेरबानीने उभी होते.

दीड महिन्याने एक्स-रे काढला. तिन्ही स्क्रू मागे सरकले होते आणि हाड आत कललं होतं. सरांनी फोटो उजेडाला धरला आणि भावाला विचारलं, "पाय टेकवला होता का?"

भाऊ प्रामाणिक. "एक डाव न्हाणीत घसरलो, तवय टेकाई गया."

"मग? सांगितलं होतं ना?"

संपलं. भावाने मान खाली घातली. मी शेजारीच उभी होते. गावात दहा जण बघायला आले आणि दहाही जणांनी त्याचीच अक्कल काढली. "तुले दम नही, भाऊ!" तो हसून, माझीच चूक, म्हणायचा.

दुसरं ऑपरेशन धुळ्याला झालं. काढलेले स्क्रू मी मागून घेतले. तिघांच्याही डोक्याचे आटे एका बाजूने खरवडलेले होते. तिथल्या डॉक्टरांनी ते बोटात फिरवून पाहिले. "तिरके गेले होते. टेकवलं नसतं तरी सुटलेच असते." मग सहज विचारलं, "तेव्हा सिस्टर कोण होती?"

"मीच," मी म्हटलं. त्यांनी स्क्रू परत माझ्या हातावर ठेवले.

हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि गुडघा पुरता वाकत नाही. ट्रकचा मालक भला माणूस. त्याने भावाला केळीच्या वखारीत गाड्या भरून घ्यायला ठेवलं. ज्या दिवशी त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर लागला, त्या संध्याकाळी मी गावी जाऊन भावाला सगळं सांगितलं. गप्प का राहिले, याचीही कारणं सांगायला लागले. चार होती. दुसऱ्या कारणावरच त्याने हाताने थांबवलं.

"तुले तवयच दिसनं व्हतं?"

"हो."

तो गुडघा चोळायला लागला. "बठ्ठासले मी सांगं, मनी चूक शे. आते कोनले काय सांगू, अक्का?"

मी म्हटलं, सगळ्यांना खरं ते सांग. माझं नाव घे, सरांचं घे. धुळ्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणते.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीत कोणीतरी त्याला विचारलं, पाय असा कसा झाला. मी समोरच्याच पाटावर होते. "न्हाणीत टेकी दिन्हा," तो म्हणाला, "मनीच घाई." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी पुढचा घास घेतला.