आषाढातला बांगडा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलासुद्धा नाही.

बायकोच्या पोटातला कॅन्सर पसरलाय, हातात फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी बाहेर आलो आणि तिला म्हणालो, "अल्सर आहे. औषधानं बरा होईल." तिनं ते लगेच मानलं. "आमचे हे बोलत नाहीत, पण बोलले की खरं असतं," असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची. माझं कमी बोलणं तिनं कायम खरेपणातच जमा धरलं.

ती रत्नागिरीकडची, मासेमारांच्या घरातली. आम्ही नगरचे, मटणवाले. इथं नगरात, सावेडीला संसार केला तरी एक नेम तिनं सोडला नाही. पावसाळ्यात दर्या बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्या ताटात मासा नसायचा. त्या दिवसांत मासळी अंड्यावर असते. "पोटुशीला कोण मारतं?" एवढंच तिचं म्हणणं.

केडगावच्या पुढे पुणे रस्त्यावर, कंपन्यांतल्या जपानी साहेबांसाठी निघालेलं एक हॉटेल आहे. गेल्या हिवाळ्यात मुलीनं आग्रह केला म्हणून आम्ही दोघं तिथं गेलो. मासा लहान होड्यांवरून, गळानं धरलेलाच घेतो आणि पावसाळ्यात समुद्राचा मासा ठेवत नाही, असं त्यांच्या कार्डावर छापलं होतं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिनं वेटरकडून ते दोनदा वाचून घेतलं.

"बघा, जपान्यांना कळतं. तुमच्या नगरात आषाढात पापलेट विकतात. दर्या काय केडगावला आहे?"

मग मीठ लावून भाजलेला अख्खा बांगडा तिनं काट्यापर्यंत साफ केला. जेवायच्या जपानी काड्या बाजूला ठेवून, हातानं.

यंदा आषाढात तिला अन्न जाईना. पेज दिली तरी दोन चमच्यांत मान फिरवायची. एका सकाळी म्हणाली, "तो जपानी बांगडा खावासा वाटतोय. पण आत्ता नसेल ना."

"विचारून येतो," म्हणालो.

हॉटेलच्या मॅनेजरनं हात जोडले. "साहेब, नारळी पौर्णिमेनंतर या." घरी काय चाललंय ते त्यालाही माझ्यानं सांगवलं नाही. नुसता भात घेतला, त्यांच्या डब्यात, वर हॉटेलचं चित्र असलेल्या. परत येताना बाजारातून बांगडा घेतला, एका खानावळीत भाजून घेतला आणि त्या भातावर ठेवला.

"मिळाला," मी म्हणालो. "गळाचा आहे. त्याला बंदी नसते म्हणे."

"खरं?"

"विचारून आणलाय."

ती उशीला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःच्या हातानं घास केला. दुसरा केला. मी समोर बसून बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं. मग तिनं माशाचं पोट उघडलं. आत काहीतरी पिवळट, रवाळ होतं.

"मसाला भरलाय वाटतं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मी तिच्या हातचे मासे खाल्ले, पण साफ करताना एकदाही शेजारी उभा राहिलो नव्हतो.

"गाभोळी आहे ही. अंडी. पोटुशी होती हो." हातातला घास तिनं परत डब्यात ठेवला. "हा त्यांचा नाही. बाजारातला आहे."

ती रागावली नाही. बोटं पुसायला फडकं मागितलं, मी दिलं. बराच वेळ ती एकेक बोट पुसत राहिली.

"आणि अल्सर?"

अजूनही वाटतं, तेव्हा नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी डबा उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो.

तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून मी गोळी पुढे केली की ती आधी चष्मा मागायची. पाकिटावरचं नाव पुटपुटत वाचायची, मग गोळी घ्यायची. तोवर मी पाण्याचा पेला धरून उभा असायचो. शेवटच्या आठवड्यात तिला अक्षरं दिसेनाशी झाली. मग वाचून दाखवायला ती शेजारणीला हाक मारायची.