रेडिओ आणि तिच्या सात भाषा

ती आमच्याकडे पहिल्यांदा आली ती नवऱ्याला घेऊन. त्याचा उजवा हात कोपराखाली नको त्या दिशेला वळलेला, तोंडाचा रंग उडालेला, आणि ही त्याला मागून ढकलत आणते आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

"मीच मोडलाय, तव्याने. जोडून द्या. जोडलात की मी जाते."

कुठे जाणार ते तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कॅज्युअल्टीतली आया आली नव्हती आणि फरशीवर दोन माणसांचं रक्त होतं. मी तिच्या हातात फडकं दिलं. पुढची सव्वीस वर्षं ती तिथेच होती.

हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्याच्याही लक्षात राहत नसे. कुणीतरी तिला रेडिओ म्हणायला लागलं, कारण कुठलंही स्टेशन लागायचं. सात भाषा. सही मात्र एकाही भाषेत येत नव्हती, अंगठाच.

भाषा शिकण्याबद्दल लोक फार गोड बोलतात. मन मोठं होतं, जग जवळ येतं, वगैरे. मला त्या बोलण्याचा कंटाळा आहे. रेडिओला बहुतेक भाषा मार खाऊनच आल्या. बाप वीटभट्टीवर होता, त्याची भाषा एक आणि आईची दुसरी. बाप मारताना आपल्या भाषेत शिव्या द्यायचा, आई रडताना आपल्या भाषेत रडायची. "मला वाटायचं बाई, पुरुषांची भाषा वेगळी असते आणि बायकांची वेगळी," ती मला म्हणाली होती. नऊ वर्षांची असताना तिला मुकादमाच्या घरी कामाला ठेवलं. तिथे तिसरी भाषा. एकदा सांगून कळलं नाही की तापलेला चिमटा दंडावर. "तीन महिन्यांत फडाफडा बोलायला लागले. मास्तर कडक होता ना!" असं म्हणून ती बाही वर करून दाखवायची आणि हसायची. शिकाऊ डॉक्टरांना ते हसणं झेपत नसे. चौथी भाषा नवऱ्याची. ती कशी आली असेल ते त्या तव्यावरून ओळखा.

उरलेल्या तीन तिने आमच्याकडे मिळवल्या. गोदीतल्या हमालांची, खाणवाल्यांची आणि मिठागरवाल्यांची. टाके घालताना पेशंटचं डोकं मांडीवर धरून बसायची आणि तो बोंबलत असतानाच विचारायची, "याला काय म्हणता तुमच्यात? आणि याला?" अर्धे शब्द तिने माणसांच्या किंकाळ्यांमधूनच वेचले. त्यामुळे या तीन भाषांत तिला येत होतं ते एवढंच: कुठे दुखतंय, कोणी मारलं, कशाने मारलं, हलू नकोस, श्वास सोड, परत त्याच घरी जायचंय का. एकदा बाजारात खाणवाल्यांची एक म्हातारी भाजी विकताना दिसली, तर रेडिओला उमाळा आला. जवळ जाऊन तिचा हात धरून म्हणाली, "हलू नकोस. कोणी मारलं तुला?" म्हातारी टोपली टाकून पळाली.

आमच्याकडे एक पद्धत होती. ती कुठल्याही पुस्तकात नाही, आम्ही बायकांनी बसवली होती. बाई मार खाऊन आली की तिला घेऊन येणाराच तिच्या वतीने बोलतो. जिन्यावरून पडली, न्हाणीत घसरली, चक्कर आली. अशा माणसाला आम्ही केसपेपर काढायला खिडकीवर पाठवायचो. खिडकीवरच्या कारकुनाला सांगून ठेवलेलं होतं. तो तीनदा नाव विचारायचा, शाई शोधायचा, चष्मा पुसायचा. तेवढ्या वेळात रेडिओ पडदा ओढून पेशंटला तिच्या भाषेत विचारून घ्यायची. पंधरा मिनिटं मिळायची. पुष्कळ झाली.

एका सकाळी मिठागरावरची एक पोरगी आणली. वीस-एकवीसची असेल. नवरा म्हणाला, शिडीवरून पडली. पोट टणक झालेलं, नाडी पळत होती, दोन्ही मनगटांवर कुणीतरी घट्ट आवळून धरल्याच्या खुणा. शिडी मनगटं धरत नाही. मी त्याला खिडकीवर पाठवलं आणि रेडिओला खूण केली.

शेजारच्या स्टुलावर एक गृहस्थ बोटाला पट्टी बांधून घेत होते. इस्त्रीचा शर्ट, आपली भाषा अगदी छापल्यासारखी स्वच्छ. "दारात सापडलं हो, माझाच धांदरटपणा," असं हसून म्हणाले. त्या बोटावर दोन्ही बाजूंनी अर्धगोलात जखमा होत्या. दाराला दात नसतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पट्टी बांधून मोकळी झाले.

रेडिओने पडद्याआड विचारलं, मोठ्यानेच, कारण बोंबलणाऱ्या माणसांशी बोलून तिचा आवाज तसाच झाला होता. पोरीने उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. पोरगी जरा जास्त बोलली. तोवर स्टुलावरचे गृहस्थ उठून बाहेर गेले होते.

ते पोरीच्या नवऱ्याचे सख्खे काका होते, ऐकलेलं सगळं खिडकीवर पुतण्याला सांगायला गेलेले. रेडिओला नंतर स्वतःचा एवढा राग आला की ती स्वतःच्याच थोबाडीत मारायला निघाली होती, पण मारायला थोबाड धड नव्हतं. सात भाषा बोलणाऱ्या बाईने समोरच्याला एकच येत असेल असं धरून चालावं! माणूस आपली भाषा चांगली बोलला की आपण त्याला आपलाच समजतो. मीही तेच केलं आणि मी तर शिकलेली.

नवरा आत आला तो पडदा दांडीसकट उपटूनच. ऑक्सिजनचं नळकांडं उघडायचा लोखंडी पाना तिथे लटकत असे, तो त्याच्या हातात होता. पहिला फटका रेडिओच्या जबड्यावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दुसरा पोरीच्या डोक्यावर उतरणार होता. रेडिओ तिच्या अंगावर आडवी पडली आणि तो हिच्या खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी त्याने हात वर केला तेव्हा मी हातातली कात्री त्याच्या दंडात खुपसली, मुठीपर्यंत. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पाना पडला, रखवालदार आणि दोन पेशंट त्याच्या छातीवर बसले, एकाने त्याचं डोकं फरशीवर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा आपटू नको असं मी म्हणाले खरी, पण जरा उशिराच. त्याच्या दंडाला टाके नंतर मीच घातले, रीतसर भूल देऊन.

खरी मारामारी पुढे होती.

पोरीची प्लीहा फुटली होती. ऑपरेशन ताबडतोब हवं होतं आणि ती टेबलावरून परत येईल याची खात्री मी देऊ शकत नव्हते. म्हणून जबाब आधी. मॅजिस्ट्रेट शेजारच्याच इमारतीत बसत, ते दहा मिनिटांत आले, मागे हवालदार. पोरगी शुद्धीवर होती आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. काय, ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात बोटाला पट्टीवाले काका पुढे झाले. "साहेब, मला दोन्ही भाषा येतात. ती म्हणते आहे, शिडी हलली. नवऱ्याचा दोष नाही म्हणते."

मॅजिस्ट्रेटनी लिहायला पेन उघडलं.

जमिनीवर बसलेली रेडिओ उठली. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, खालचे दात दोन पायऱ्यांसारखे वरखाली झालेले, तोंडातून रक्ताच्या तारा लोंबत होत्या. तिने काकांना खांद्याने बाजूला लोटलं.

मी ओरडले, "खाली बस! जीभ मागे पडली तर गुदमरून मरशील. तुला आधी आत नेते."

तिने मान हलवली. नाही.

"अगं, मूर्खासारखं करू नकोस!"

तिने दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा खालून उचलून धरला, कुणी भरलेलं भांडं धरावं तसा, आणि बोलली. काय निघालं ते मॅजिस्ट्रेटना कळलं नाही. मला कळलं. सव्वीसातली एकोणीस वर्षं तोवर झाली होती, तिचं पुटपुटणंही मला ओळखू यायचं.

"ती म्हणते, तो खोटं बोलतोय," मी सांगितलं.

"डॉक्टर, तुम्हाला पेशंटची भाषा येते?"

"पेशंटची नाही. हिची येते. पेशंट हिला सांगेल, ही मला सांगेल, मी तुम्हाला. लिहून घ्या, वेळ नाही."

काका म्हणाले, "साहेब, ही झाडूवाली बाई! हिला आमची भाषा काय कळणार? दोन-चार वाक्यं येत असतील."

हे मात्र खरं होतं. तिला मोजकीच वाक्यं येत होती. पण त्या दिवशी तीच लागणार होती.

कोणी मारलं? नवऱ्याने. कशाने? लाथांनी, मग फावड्याच्या दांड्याने. रेडिओ एक वाक्य बोलायची, मग मान खाली घालायची आणि मी नळीने तिच्या तोंडातलं रक्त ओढून घ्यायचे. मग पुढचं वाक्य. एकदा नळीत दाताचा तुकडा आला. मॅजिस्ट्रेट लिहीत राहिले, पण त्यांचं अक्षर बिघडलेलं मी पाहिलं. एकट्यानेच मारलं? नाही, हात काकाने धरले. बोट चावलं मी.

मॅजिस्ट्रेटनी मान वर करून पट्टीकडे पाहिलं. "डॉक्टर, ती सोडा."

मी सोडली. दाताच्या खुणा त्यांनी स्वतः पाहिल्या. "यांना बाहेर बसवा," ते हवालदाराला म्हणाले. काकांची स्वच्छ भाषा तेव्हा संपली. दारातून जाताना त्यांनी मिठागराच्या भाषेत रेडिओला काहीतरी सुनावलं. तेवढं तिने मला सांगितलं नाही.

पोरगी मघापासून जे घोकत होती ते शेवटी आलं. ते रेडिओच्या सहा वाक्यांत बसणारं नव्हतं. तिने पोरीला दोनदा, तीनदा बोलायला लावलं, बोटांनी उंची दाखवली, एवढी का, एवढी? पोरीने हात खाली आणला. गुडघ्याएवढी.

"मुलगी आहे," मी म्हणाले. "घरात आहे. कोंडलेली." रेडिओने जबडा पुन्हा उचलला आणि मी तिच्यामागोमाग सांगितलं, "तो म्हणाला होता, तू मेलीस की तिचा नंबर."

मॅजिस्ट्रेटनी वाक्य पूर्ण लिहिलं, पोरीचा अंगठा घेतला, खाली रेडिओचा, खाली माझी सही. मग हवालदाराला जीप घेऊन धाडलं. जबाबाच्या कागदावर इतकं रक्त होतं की अंगठ्यांना शाईची गरजच नव्हती, तरी नियमाप्रमाणे शाई लावली.

पोरीला ऑपरेशनला नेलं. शेजारच्या टेबलावर रेडिओला. तिचे दात तारेने बांधले, सहा आठवडे बांधलेलेच होते. पोरगी वाचली. मुलगी मिळाली, पलंगाच्या पायाला दोरीने बांधलेली, तीन वर्षांची, अंगावर जुने वळ. नवऱ्याला सक्तमजुरी झाली. काका वकील करून सुटले, असली माणसं सुटतात.

नवव्या दिवशी पोरीची बहीण आली आणि दोघींना घेऊन गेली. मिठागराकडे नाही, दूर कुठेतरी, पत्ता मीच लिहून घेतला नाही. रेडिओ तेव्हा वरच्या मजल्यावर नळीने पेज पीत पडली होती. संध्याकाळी मी तिला सांगितलं.

"गेली?" तारेच्या आतून ती म्हणाली.

"गेली."

"भेटायला नाही आली?"

मी खोटं सांगणार होते. मग म्हटलं, हिच्याशी कशाला. "नाही आली. विचारलंही नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि जवळजवळ पळतच जिना उतरली."

रेडिओने पेजेचा वाडगा जवळ ओढला. मग नळी तोंडाशी नेत म्हणाली, "मागे बघितलं का तिने?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उरलेली पेज संपवली.