कागद सुटेपर्यंत

धुळ्यात आग्रा रोडला लागून सुकदेव मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीविना ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या जुन्या विलायती फटफट्या खानदेशात मोजक्याच उरल्या होत्या. त्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, चुकलं की माणसं सुकदेवकडेच येत, आणि तालमीला जमावी तशी बाकावर बसून त्याचे हात पाहत.

प्लगच्या भोकातून सायकलची तार सोडून तो पिस्टन हवा तिथे थांबवी. मग मॅग्नेटोच्या पॉइंटांत सिगारेट वळायचा पातळ कागद धरून तो हलकेच ओढत राही. दुसऱ्या हाताने मॅग्नेटो फिरवी. पॉइंट उघडले की कागद सुटे. ठिणगी नेमकी तेव्हाच पडायची, म्हणून तिथेच नट आवळायचा. सगळा खेळ बोटांच्या टोकांवर.

ती बोटंच गेली होती. साखरेच्या आजाराने बधिर झाली. जाणीव परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अमळनेरचे कापसाचे व्यापारी नेमीचंद शेठ गाडी घेऊन आले, तेव्हा सुकदेवने कागद बायकोच्या, कमलबाईच्या, हाती दिला.

"वहिनींना कामाला ठेवलं वाटतं?" शेठ म्हणाले.

"पगार मागत नाही ना ती," सुकदेव हसला. शेठ चहाला गेले तसं त्याचं हसू उतरलं. तो मॅग्नेटो फिरवू लागला.

"सुटना का?" कागद सुटला का, असं त्याने अहिराणीत विचारलं.

कमलबाई त्याच्याकडे पाहत राहिली. "सुटना."

त्याने नट आवळला, सगळं बसवून किक मारली. गाडी सुरू झाली, पण आवाज मऊ, जड. ठिणगी उशिरा पडत होती. कान अजून शाबूत होते. त्याने गाडी बंद केली.

"खरं सांग. कागद सुटना व्हता?"

"नही," कमलबाई म्हणाली. "तुमना तोंडकडे देखीसन सांगं मी."

त्याचा उतरलेला चेहरा पाहवेना म्हणून ती हो म्हणाली होती. तो रागावला नाही. पुन्हा सगळं उघडलं, तार सोडली, मॅग्नेटो फिरवला.

"आते खरंच सुटना," ती म्हणाली.

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं. तीच नजर, तोच आवाज. खरं कोणतं, त्याला ओळखता येईना. पाना हातात तसाच राहिला.

शेठ परतले. "झालं?"

"नाही शेठ. दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे कुठे? अख्ख्या जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणी नाही, असं तुम्हीच म्हणायचात."

"तो म्हणणारा आता नाही."

शेठ गाडी न्यायला हातगाडीवाला शोधायला गेले. आत धूळ जाऊ नये म्हणून सुकदेव प्लग बसवू लागला. प्लग आट्यावर बसतो आहे की तिरका जातो आहे, तेही त्याला कळेना. कमलबाईने तो त्याच्या हातातून घेतला.