मध्ये थांबणारं गाणं

गिरणी बंद पडली ती एकच, पण आमच्या घरात दोघांची कमाई गेली. वडील साचेखात्यात विणकर होते आणि आई डिलाईल रोडच्या आमच्या खोलीतच खाणावळ चालवायची. तिच्याकडे जेवायला येणारे सगळे त्याच गिरणीतले, कोकणातून एकटे आलेले. गिरणीचा भोंगा थांबला तसे ते एकेक करून गावी गेले. आईची मोठी पातेली माळ्यावर चढली ती पुन्हा उतरलीच नाहीत. वडील वॉचमन झाले, आई दादरला लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. मी तेव्हा सातवीत होते. शाळेच्या सहलीचं पत्रक घरी दाखवायचं मी त्या वर्षापासून सोडून दिलं.

कुणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाही. पुढे मी बी.कॉम. झाले, आमच्या घरात पहिली, गणपती मंडळाच्या अभ्यासिकेत बसून आणि कुणाची शिफारस न लावता. त्याचा मला गर्व आहे. लोक सुधारतात, ‘अभिमान म्हणा.’ मी गर्वच म्हणते.

सांगायचंय ते वेगळंच. गिरणीने वडिलांना सोडताना त्यांचे कान ठेवून घेतले. एका छपराखाली शेकडो साचे, म्हणजे यंत्रमाग, एकदम चालायचे. शेजारच्या साच्यावरचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून विणकर ओठ बघून बोलणं ओळखायचे, बाकीचं हातांनी सांगायचे. वडिलांनी ती भाषा घरी आणली. पाच बोटं तोंडाशी नेली की जेवायला चल. आडवा तळहात म्हणजे साचा बंद. तर्जनी हवेत गोल फिरवली की चालू ठेव. धागा तुटला असेल तर दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींवर घासायच्या, गाठ मारल्यासारख्या. अभ्यास करताना मी पेंगले की वडील दारातून तर्जनी फिरवायचे. माझी पदवी त्या बोटाने झालीय, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा राहायचा. आज तो चांगला पस्तिशीचा आहे, कुरिअरच्या ऑफिसात नोकरी करतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत वाजवत वाजवत तो ड्रम शिकला. मग दादरच्या एका शाळेतली शिक्षिका गायला, एक बँकेतला गिटारवर आणि एक दातांच्या कवळ्या बनवणारा बेस गिटारवर, असे चौघे मिळून त्यांनी रॉक बँड काढला. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाली लावायच्या, मराठीत. दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत हा नियम. बँडचं नाव मी इथे देत नाही. दिलं असतं तरी तुम्ही ऐकलेलं नसतं, आणि माझा सगळा राग तिथेच आहे.

एकदा तो ड्रमवाला आमच्याकडे आला आणि वडिलांसमोर मांडी घालून बसला. ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाला, “काका, साच्याचा आवाज कसा होता? मला वाजवून दाखवा.”

वडिलांनी आईकडे पिठाचा डबा मागितला आणि त्यावर हातांनी वाजवायला लागले. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे जातो तो ठोका, तो धागा बसवायला फणी आपटते तो ठोका. डब्यावरून पीठ उडत होतं आणि आई म्हणत होती, “वाजवा, वाजवा, चपात्या उद्या हवेच्या करते.” मग वडिलांनी हात मध्येच उचलले.

“काय झालं काका?”

“धागो तुटलो.”

त्यांनी हवेत गाठ मारली आणि पुन्हा वाजवायला लागले.

त्यातून त्या चौघांचं नऊ मिनिटांचं गाणं झालं. साचा सुरू होतो, वेग घेतो, अगदी भरात असताना धागा तुटतो आणि सगळं थांबतं. पूर्ण शांतता. गाठ बसली की पुन्हा सुरू. त्यानंतरची चार मिनिटं हेच खरं गाणं आहे. मी ते सरावाच्या खोलीत ऐकलंय.

पण हे गाणं लोकांसमोर एकदाही शेवटपर्यंत वाजलं नव्हतं. ते थांबले की लोक टाळ्या वाजवायचे आणि आयोजक माईक हातात घ्यायचे. परळच्या एका महोत्सवात निवेदिका त्या शांततेत आली आणि “वा, छान प्रयत्न!” म्हणाली. प्रयत्न! आठवीतल्या मुलाने शाळेच्या संमेलनात केला असता तर प्रयत्न. गिरगावात एका हॉलमध्ये पडदाच पाडला. एका वर्तमानपत्राने ‘मराठमोळा रॉक’ म्हणून फेटे घातलेल्या चार बाहुल्यांचं चित्र छापलं. यांच्यापैकी कुणी आयुष्यात फेटा घातलेला नाही. आपल्याकडे मराठी माणूस गिटार घेऊन उभा राहिला की एक तर त्याला फेटा घालतात, नाही तर “काहीतरी ओळखीचं वाजवा ना” म्हणतात. ओळखीचं हवं तर घरी बसा की! आणि मराठी टिकली पाहिजे म्हणून भाषणं ठोकणारे माझ्या ऑफिसातले लोक, त्यांना मी दर वेळी कार्यक्रमाचं सांगायचे. एकदाही एक जण आला नाही.

गेल्या वर्षी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात झालेल्या क्लबात, त्यांना रविवारी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम मिळाला. ड्रमवाला मला जिन्यात भेटला.

“ताई, यावेळी गाणं पूर्ण झालं नाही तर बस झालं. चौघांनी ठरवलंय. सामान विकायला काढणार.”

“असं लगेच?”

“लगेच कुठे? नऊ वर्षं झाली. नोकरी सांभाळून, बायकोच्या शिव्या खाऊन. किती वेळा अर्ध्यात उतरायचं? काकांना घेऊन या. त्यांनी अजून ऐकलं नाहीये.”

तेही खरंच होतं. ज्यांच्या डब्यातून गाणं निघालं त्यांनीच ते ऐकलं नव्हतं.

वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दारावरच्या गार्डने त्यांना वरून खाली पाहिलं आणि बोट मागच्या बाजूला केलं, “काका, काम वाले पीछे से.”

माझं डोकं फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत वडील त्याला म्हणाले, “टोपी सीधी कर पहले. ही ड्युटी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून केलीय.” त्याने टोपी सरळ केली. आम्ही पुढून आत गेलो.

आत दगडी भिंती आणि वर लोखंडी तुळया बघून मी पर्समधला रुमाल काढला. वडिलांनी ते ओळखलं.

“ही माजी गिरण न्हय गो. माजी पलीकडची, ती कधीच पाडल्यानी. उगाच डोळ्यांत पाणी काढू नको.”

माणसं असतील तीस-पस्तीस. निम्मी आपापल्या गप्पांत. एका टेबलावर फुगे लावून ठेवले होते. सात वाजता कुठल्या कंपनीची पार्टी होती, त्यांच्यासाठी नाचायची गाणी लागणार होती. बँड सुरू झाला तरी पाठ फिरवून बसलेल्यांनी पाठ काही वळवली नाही. गाणारीने पहिलं गाणं त्या पाठींना म्हणून दाखवलं. शाळेत साठ मुलांचा वर्ग गप्प करणारी बाई, तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. मला मात्र प्रत्येक खुर्ची धरून फिरवावीशी वाटत होती.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. वडिलांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, चपला काढल्या आणि ड्रमची थरथर तळव्यांना लागावी म्हणून पाय लाकडी जमिनीवर टेकवले. “आता बरा लागता,” म्हणाले.

पाचव्या गाण्यानंतर त्यांनी माझं कोपर धरलं. ते स्टेजकडे बघत नव्हते, हॉलच्या दुसऱ्या टोकाला बघत होते. तिथे आवाजाच्या टेबलापाशी क्लबचा मॅनेजर साऊंडवाल्याच्या कानात बोलत होता. इतक्या दूरचं, त्या गोंगाटात, कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“तो मेलो काय बोलता बग,” वडील म्हणाले. “गाना बीच में रुकता है ना, वहीं काट दे, आणि डान्सवाला लाव, असा सांगता.”

“बाबा, नक्की?”

“साच्यावर सगळा आयुष्य असाच ऐकलंय. माका शिकवतस?”

तोवर स्टेजवर साचा सुरू झाला होता. वडील खुर्चीत ताठ बसले. मी उठले. माझं काय होतं तिथे? ना मी बँडची मॅनेजर, ना कुणाची पुढारी. मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. पण अर्ध्यात उतरवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या बापाला भर पाळीत उतरवलं होतं, चालत्या साच्यावरून, कापड तसंच अर्धं ठेवून.

मी आवाजाच्या टेबलापाशी पोचले आणि गाणं थांबलं.

शांतता. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. साऊंडवाल्याचा हात त्या सरकत्या बटणांकडे गेला. त्याच्या आधी मी माझा तळहात पूर्ण पसरून त्यांच्यावर ठेवला, पोळपाटावर ठेवावा तसा.

मॅनेजर म्हणाला, “मॅडम, हात काढा. संपलं गाणं.”

“संपलं नाही. धागा तुटलाय.”

“काय?”

“धागा तुटलाय. ते जोडताहेत. थांबा.”

“मॅडम, सातला आमची पार्टी आहे. हा लोकल बँड आहे, थोडं समजून घ्या.”

“सहा वाजून दहा मिनिटं झालीत. तुमच्या घड्याळात बघा. आणि लोकल म्हणजे काय हो? तुम्ही कुठले?”

“मी... चिंचपोकळीचा.”

“म्हणजे गिरणगावातलेच की. मग लाज बाळगा!”

हे मी केवढ्या मोठ्याने बोलले ते मला त्या शांततेत कळलं. पाठी वळल्या. फुग्यांच्या टेबलावरचे वळले, बारवरचा वळला. पहिल्यांदा सगळा हॉल एका दिशेने बघत होता, आणि मी नाक वर करून स्टेजकडे बोट दाखवलं, म्हणून सगळे स्टेजकडे बघायला लागले.

स्टेजवर चौघे तसेच थांबले होते. गाणारीचे डोळे मिटलेले. ड्रमवाल्याच्या काठ्या हवेत, आणि त्याची नजर पहिल्या रांगेत. वडील उभे राहिले होते, अनवाणी. त्यांनी दोन्ही हात वर केले होते आणि ते गाठ मारत होते. घाई नाही. कुणी खोकलं नाही. वडिलांनी गाठ ओढून पाहिली, आणि मग तर्जनी हवेत गोल फिरवली.

ड्रम सुरू झाला.

ती चार मिनिटं मी हात तसाच ठेवून उभी होते. साऊंडवाल्याने मध्येच माझं एक बोट हळूच उचललं, खालचं बटण थोडं वर सरकवलं आणि गाणारीचा आवाज मोठा केला. मॅनेजर फोन काढून दुसरीकडे बघत राहिला.

शेवट झाला तेव्हाही लोक आधी गप्पच राहिले. आता पुन्हा थांबून सुरू होईल असं वाटलं त्यांना. गाणारी माईकमध्ये म्हणाली, “आता वाजवा टाळ्या, झालं.” मग वाजल्या.

खाली उतरल्यावर ड्रमवाला वडिलांच्या पाया पडायला वाकला, तर ते म्हणाले, “वेग थोडो कमी होतो. साच्यावरचो आमचो मुकादम, जॉबर, असतो तर शिव्या घातल्यान असत्यो.”

“पुढच्या वेळी वाढवतो, काका.”

त्यानंतर कुठे काही छापून आलं नाही. त्या क्लबाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि मलाही बहुतेक आत घेणार नाहीत. ऑफिसात मी हे सांगितलं तर एकाने विचारलं, “मराठीत रॉक? चालतं का ते?” त्याचं उत्तर इथे लिहिते.

सामान विकलं गेलेलं नाही. ते गाणं त्या रविवारी, माणसांसमोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाजलं.