खारकेची गोळी

चहा आधी पिऊन घ्या. मी हळू बोलतो, तो गार होईल. आणि शेवटापर्यंत कप हातात राहिला तर अंगावर सांडेल, इतकी माझी फजिती झाली आहे. पण फजिती झाली म्हणजे माझं चुकलं, असं मी म्हणणार नाही. मुलगा म्हणतो, सून म्हणते, आता तर नातसुद्धा म्हणते. म्हणू देत!

मी रत्नागिरीकडचा. चौथीनंतर शाळा सुटली आणि आंब्याच्या बागेत राखणीला बसलो. काम एकच, माकडं हाकायची. हत्यार म्हणजे पेरूच्या फांदीची गलोल आणि सायकलच्या ट्यूबचं रबर. माकडाला मारायचं नाही बरं का! त्याच्या नाकासमोरून सणकन गोळी गेली पाहिजे. मग माकड काय समजायचं ते समजतं. आमच्या पंचक्रोशीत असा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. विचारा कुणालाही. बहुतेक जण वारले, पण विचारा.

बायको गेल्यावर मुलाने, नासिरने, मला इथे दुबईजवळच्या अजमानला आणलं. मुलगा, सून सायरा आणि सात वर्षांची नात इनाया. घरात भांडी धुवायला मशीन, कपड्यांना मशीन, झाडू मारायला पण मशीन. मी करू काय? माझ्या वाट्याला एकच काम आलं. सकाळी इनायाचा हात धरून तिला शाळेच्या बसपर्यंत न्यायचं. तेवढ्यासाठी मी शर्टाला इस्त्री करतो. हसू नका. माणसाला एक तरी काम लागतं.

तर बस थांबते तिथे एक कडुनिंब आहे. त्यावर कावळ्याने घरटं केलं, आणि खालून जाईल त्याच्या डोक्यावर तो झेप घ्यायला लागला. एक दिवस इनायाच्या डोक्यावर बसला, केसांतली क्लिप ओढली, ओरखडा काढला. पोरगी घरी येऊन रडली.

"दादा, आय ॲम नॉट गोइंग! दॅट बर्ड हेट्स मी!"

नासिर म्हणाला, "अब्बा, उद्यापासून सायरा तिला गाडीने सोडेल. तुम्ही आराम करा."

आराम करा! कळलं का? एका कावळ्याने माझी नोकरी घेतली!

मी म्हटलं, "थोडे दिवस दे. मी बघतो त्याच्याकडे."

"अब्बा, काही उलटंसुलटं करू नका हां. हे गाव नाही."

मी शारजाला गेलो. तिथल्या औद्योगिक भागात माझा गाववाला कासम गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतो. त्याने सळई वाकवून झकास गलोल केली, ट्यूब कापून रबर लावलं. प्रश्न आला गोळीचा.

कासमने मूठभर बेअरिंगचे छर्रे माझ्यापुढे धरले. "हे घे. कावळा काय, विमान पडेल."

"आणि पोलिसाने विचारलं तर?"

कासमचा हात तिथेच थांबला. "ते पण आहे रे. इथे बाईने पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवला तरी चालत नाही म्हणतात. तुझ्या खिशात लोखंडी छर्रे सापडले तर सरळ विमानात बसवतील. तेच विमान, जे पाडायचं होतं."

"आणि नेम चुकला, तर पलीकडे कुणाची तरी मोठी गाडी उभी असते."

"तुझा नेम चुकणार?"

"माझा नाही चुकणार. पण गाडीवाल्याला ते माहीत नाही ना!"

मग आम्ही दोघे विचाराला बसलो. काचेची गोटी फुटते, पोरांच्या पायात जाईल. दगड म्हणाल, तर अजमानमध्ये सगळी वाळू! मातीची गोळी वळावी तर मातीच नाही. चणा हलका, वाऱ्यावर जातो. कासम म्हणाला, "हबीबी, सोड. छत्री घेऊन जा."

छत्री? मी? माकडांचा कर्दनकाळ?

घरी आलो तर सायराच्या डब्यात खारीक! शीरखुर्म्यासाठी गावाहून आलेली. हातात घेऊन बघितली. लाकडासारखी टणक, वजनाला बरोबर, आकार तर खास माझ्या गलोलीसाठी घडवलेला. आणि कायदा? तुम्हीच सांगा, खिशात खारका घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याला या मुलखात कोण पकडेल? पोलिसाने झडती घेतली तर दोन त्यालाही देईन!

इतका विचार वकीलसुद्धा करत नाही.

दुसऱ्या दिवशी इनायाला पाठीमागे घेतलं. कावळा फांदीवर टपलेला. मी रबर ताणलं आणि चोचीसमोरून खारीक सोडली. सण्ण! कावळा उडाला तो बिल्डिंगच्या भिंतीपलीकडे गायब.

"यू डिड इट, दादा!"

नातीचे ते शब्द ऐकले आणि माझं वय उतरलं हो!

रोज सकाळी हेच. मी सोडायचो, तो पळायचा, आम्ही बस गाठायचो. डोक्यावर झेप बंद. इनाया मजेत. सायराची गाडी खालीच उभी. मग हळूहळू आणखी कावळे येऊ लागले. भिंतीवर ओळीने बसायचे, माना तिरप्या, अगदी गप्प. मी कासमला फोन केला, "अख्खी जमात शरण आली रे!"

"यल्ला, सुलतान!"

पुढे तर ते आमच्या मागून चालायला लागले. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, आपका फौज आ गया." मी छाती काढून चालायचो. इस्त्रीचा शर्ट होताच.

घरात सायरा डबा हलवून बघायची. "अब्बा, खारीक कमी झाल्यासारखी वाटते."

"हवेने आटते," मी म्हटलं.

आणि एक दिवस बिल्डिंगच्या वॉचमनबरोबर पालिकेचा साहेब आला. तरुण, गोरा, डोक्याला गुत्रा, म्हणजे अरबांचा तो रुमाल, बोलायला फार अदबशीर. इनाया बसमध्ये चढली होती. नासिर ऑफिसला निघालेला, तोही थांबला.

"चाचा, शिकायत है. सब गाड़ी गंदा होता है. आप परिंदों को खाना देता है?"

नासिर माझ्या कानाशी आला. "अब्बा, हो म्हणा. सॉरी म्हणा. वॉर्निंगवर सुटाल. माझी मीटिंग आहे."

मी आयुष्यात आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला.

"खाना? मैं? इसको? ये मेरा दुश्मन है!"

"अब्बा, खलास! गप्प बसा!"

"का गप्प बसू? मी लढलो आणि नाव खानावळीचं?" मी खिशातून गलोल काढली. "साहब, हम इसको गोली मारता है. रोज!"

नासिरने डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुतेक दुआ मागत असावा. ज्या गोळीपायी मी कायद्याचा एवढा कीस काढला, ती मी स्वतःच्या तोंडाने साहेबापुढे ठेवली होती!

साहेबाने विचारलं, "गोली? दिखाओ."

दाखवतो की! मी खारीक लावली. कावळा समोर बसलेला. रबर ताणलं, चोचीसमोर नेम धरला, सोडली.

कावळ्याने चोच उघडली आणि खारीक हवेतच झेलली.

मग तो घाईगडबड न करता भिंतीपलीकडे गेला. आम्ही सगळे मागून. तिथे एसीचं पाणी ठिबकून डबकं झालेलं. त्याने खारीक त्यात टाकली आणि काठावर बसून राहिला. डबक्यात आधीच्या चार-पाच खारका भिजून छान फुगल्या होत्या. सायरा शीरखुर्म्याला भिजवते, अगदी तशा.

साहेब इतका हसला की त्याचा गुत्रा वाकडा झाला. गलोल हातात घेऊन म्हणाला, "चाचा, ये हथियार नहीं है. ये चम्मच है."

गलोल त्याने नासिरच्या हातात दिली, पुन्हा खायला घालायचं नाही अशी ताकीद दिली, आणि गेला. नासिर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग एकदम हसत सुटला. ते मात्र मला जास्त लागलं.

सायरा गाडीची किल्ली घेऊन तयार झाली, तर इनाया म्हणाली, "नो. ओन्ली विथ दादा. द क्रोज आर अवर फ्रेंड्स नाऊ." नोकरी राहिली माझी! कावळे अजून माझ्या रिकाम्या हाताकडे बघतात. मी दुसरीकडे बघतो.

ईदेला शीरखुर्म्यात खारीक नव्हती. सायराने रिकामा डबा माझ्या वाटीशेजारी ठेवला.

हसा, खुशाल हसा. पण नेमाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. माझी एकही गोळी वाया गेली नाही. सगळ्याच्या सगळ्या शत्रूच्या पोटात आहेत!