तिसऱ्या तळघरातले नाकवाले

त्यांना सगळे नाकवाले म्हणत. हे नाव फार जुनं, दूध डेअरीतल्या दिवसांपासूनचं. तिथे दूध उतरवायच्या फलाटावर ते उभे असत. कॅनचं झाकण उघडलं की एकदा खाली वाकायचं आणि हाताने खूण करायची: हा आत, तो परत. वीस वर्षांत त्यांनी परत पाठवलेला एकही कॅन प्रयोगशाळेत चांगला ठरला नाही. "या माणसाच्या नाकाला कुणीतरी कुलूप घाला रे," असं दूधवाले चिडून म्हणायचे, पण भांडायला पुढे कुणी यायचं नाही.

डेअरी बंद पडली तेव्हा त्यांनी अठ्ठेचाळिशी गाठली होती. त्याच सुमारास शहराच्या ऐन मध्यावर ती चौतीस मजली काचेची इमारत उभी राहिली. वरपासून खालपर्यंत नुसती ऑफिसं. दर चौथ्या मजल्यावर बाग, गच्चीवर सौर पॅनेल, आणि सगळ्यात मोठी बढाई पाण्याची: वापरलेल्या पाण्यातला थेंबसुद्धा गटारात जात नाही. सगळं तिसऱ्या तळघरात उतरतं, शुद्ध होतं आणि बागांना, संडासांच्या टाक्यांना, एसीच्या यंत्रणेला परत वर जातं. त्या तळघरात लक्ष ठेवायला माणूस हवा होता. इमारतीचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी मुलाखतीत डेअरीची हकिगत ऐकली आणि ते खूश झाले.

"मीटरचं काय हो, मीटर बिघडतात," ते म्हणाले. "नाक बिघडत नाही. उद्यापासून या."

तळघरात जमिनीखाली चार टाक्या होत्या, वर चालायला लोखंडी जाळ्या. ब्लोअर नावाची यंत्रं दिवसरात्र पाण्यात हवा सोडत. हवा चालू असली की पाणी तपकिरी फेस काढत खदखदायचं. हवा थांबली की तेच पाणी काळं पडायचं, सडायचं आणि त्यातून जीवघेणा वायू सुटायचा. नाकवाले सकाळी जिना उतरतानाच सांगत, "दोन नंबरला हवा कमी पडतेय." आणि तसंच असायचं. पाहुणे यायचे, कॉलेजची पोरं यायची. नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या त्या मंडळींपुढे ते शुद्ध पाण्याचा काचेचा पेला उजेडात धरत. लोक टाळ्या वाजवत. वर ऑफिसात बसणाऱ्या तीन हजार माणसांपैकी एकालाही त्यांचं तोंड माहीत नव्हतं, पण त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

पाचव्या वर्षी काहीतरी बिनसलं. एका संध्याकाळी ते पेपर वाचत बसले होते आणि बायको आतून धावत आली.

"अहो, भाजी करपली! घरभर वास सुटलाय, तुम्ही इथेच बसलाय ना?"

"लक्ष नव्हतं," ते म्हणाले. खरं तर लक्ष होतं. वासच आला नव्हता.

मग त्यांनी चोरून परीक्षा घेतली. साबण हुंगला, कांदा चिरून नाकाशी धरला, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही नाही. सर्दी असेल, जाईल, असं म्हणत महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टरांकडे जायची हिंमत होईना. ज्या नाकावर नोकरी मिळाली ते नाकच गेलं म्हटल्यावर या वयात कोण दारात उभं करणार? आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही ते नाव सुटेना. ज्याला सगळं गाव नाकवाले म्हणतं त्यानं लोकांना सांगायचं तरी कसं?

मग लपवाछपवी सुरू झाली. घरी ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला शिकले. तिनं झाकण उघडून मान मागे घेतली की म्हणायचं, "टाकून दे ते." ताट वाढलं की पहिल्याच घासाला, "वा, आज काय घमघमाट सुटलाय!" तळघरात फेसाचा रंग बघायचा, ब्लोअरचा आवाज ऐकायचा. दीड वर्ष निभावलं. भिंतीवर वायूचा धोका सांगणारा भोंगा होता, त्याच्या जिवावर ते निर्धास्त असत. पण तो बिघडला, दुरुस्तीला गेला आणि पाच महिने झाले तरी परत आला नाही. त्यांनी साहेबांना दोनदा आठवण करून दिली.

"येईल हो. तोवर तुमचं नाक आहे की!" साहेब म्हणाले.

खरं सांगायची वेळ तीच होती. नाकवाले हसले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या महिन्यात इमारतीला पर्यावरणाचं मोठं मानांकन मिळायचं होतं. विजेचा वापर ठरलेल्या आकड्याच्या खाली दिसायला हवा होता. शनिवारी साहेबांनी फोन करून सांगितलं, "दोन दिवस ऑफिसं बंदच आहेत. ब्लोअर बंद ठेवा, सोमवारी चालू करू."

"साहेब, पाणी सडेल."

"दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय? करा म्हणतो ना."

त्यांनी बटण दाबलं.

सोमवारी सकाळी पाणी तपासणारी मुलगी आली. पंचविशीची, बारीक अंगाची, खांद्याला बाटल्यांची पेटी. बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून ती दर पंधरा दिवसांनी नमुने न्यायला यायची. काका, काका करत गप्पा मारायची. जिन्याच्या शेवटच्या वळणावर ती थबकली.

"काका, आज वास जास्त नाही का? सडक्या अंड्यासारखा?"

नाकवाल्यांनी श्वास आत ओढला. काहीच नाही. नेहमीसारखं कोरं. आपल्याला कळत नाही, एवढे तीन शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडकले.

"नेहमीचाच आहे गं. दोन दिवस बंद होतं ना सगळं. चल."

त्यांनी म्हटलं म्हणून ती निघाली. ते ब्लोअर सुरू करायला पलीकडे वळले. ब्लोअर धडधडला, तळाचं साचलेलं पाणी ढवळून निघालं आणि त्यात कोंडलेला वायू वर सुटला. "आता वास गेला की काका," असं ती टाकीवर वाकून म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं. तो वायू फार वाढला की चांगलं नाकही बधिर होतं. मग बाटली जाळीवर आपटल्याचा आवाज आला. त्यांनी मागे वळून पाहिलं तर ती गुडघ्यांवर कोसळलेली होती आणि मान टाकीच्या बाजूला कलत होती.

ते कसे धावले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही. काखेत हात घालून त्यांनी तिला फरफटत जिन्यापर्यंत आणलं. स्वतःचं डोकं गरगरत होतं. अर्ध्या जिन्यात ते पडले आणि पडल्या पडल्या ओरडत राहिले. पार्किंगमधला रखवालदार धावत आला. त्यानं दोघांना बाहेर ओढलं.

ती शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत नाकवाले दवाखान्याच्या बाकावरून हलले नव्हते. साहेब येऊन शेजारी बसले. खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, तिनं मास्क लावला नव्हता, एवढंच सांगायचं. तुम्ही तर जीव धोक्यात घालून तिला वाचवलंत. तुमचा सत्कार करू आपण."

नाकवाले बाकावरून उठले. घरी गेले आणि चप्पलही न काढता बायकोला सगळं सांगून टाकलं. वास गेल्याचं, लपवल्याचं, जिन्यावरच्या उत्तराचं.

बायकोनं विचारलं, "म्हणजे दीड वर्ष तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून जेवत होतात?"

"हो."

"मला वाटायचं, या वयात माणूस प्रेमानं बघायला लागला." ती हसायला गेली आणि तिला रडूच आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्या पोरीला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले तेव्हा ती मुलगी पलंगावर उशीला टेकून बसली होती, आई शेजारी. नाकवाल्यांनी उभ्यानंच सांगितलं. आईनं शिव्या घातल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. मुलगी एकच वाक्य बोलली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

त्या दुपारी त्यांनी कामगार खात्याच्या कचेरीत लिहून दिलं: भोंगा पाच महिने नव्हता, ब्लोअर कुणाच्या सांगण्यावरून बंद होते, आणि आपल्याला वास येत नाही हे आपण दीड वर्ष दडवलं. तिन्ही गोष्टी, खाली सही. नोकरी त्याच आठवड्यात गेली. डॉक्टर म्हणाले, वयाचंही असेल, तिथल्या हवेचंही असेल, परत येईल असं सांगवत नाही. भोंगा मात्र आठ दिवसांत बसला. इमारतीला मानांकन ठरल्या दिवशी मिळालं. साहेबांची बदली दुसऱ्या इमारतीवर झाली.

पाच महिन्यांनी चौकशीसाठी दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं. कचेरीच्या बाहेरच्या खोलीत एकच बाक होता. ती आली, जरा थांबली आणि दुसऱ्या टोकाला बसली. जिने चढताना अजून दम लागतो, असं ती शिपायाला सांगत होती.

समोर बघतच ती म्हणाली, "तुम्ही लिहून दिलंत म्हणून चौकशी तरी होतेय."

मग ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली.

"पण मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत, पोरी."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठून गेली, दार लागलं. नाकवाले आपली पाळी यायची वाट बघत बसून राहिले.