बिबड्यांशेजारी वाळलेले पाट

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "नवरा-नवरीचे दोन्ही पाट माझ्या हातचे!" रिटायर झाल्यापासून जळगावातल्या आमच्या गॅरेजात मी सुतारकाम मांडलंय. मोटरसायकल बाहेर तापते, आत रंधा आणि मी. लेक म्हणाली, "पप्पा, दुसऱ्या कुणाच्या पाटावर मी बसणारच नाही." झालं! अडकलो.

सागाच्या फळ्या जरा ओलसर निघाल्या. म्हटलं, आमचं मे महिन्यातलं ऊन, दोन दिवसांत वाळतील. गच्चीवर बायकोच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या. शेजारीच फळ्या टाकल्या. बिबड्यांची राखण माझ्याकडेच. कावळे हाकलायचे आणि खालून हुकूम आला की सगळ्या उलटायच्या.

तिसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही फळ्यांचा द्रोण! लग्न आठ दिवसांवर. लाकूडवाल्याचा उद्धार करत मी खाली आलो. बायको वर जाऊन बघून आली आणि तिच्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाली, "बठ्ठं वाकडं शे!" म्हणजे सगळंच वाकडं. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून, "अहो, बिबड्या दिवसातून चारदा उलटल्या. फळी एकदा तरी उलटली का?"

कप्पाळ माझं!

वरची बाजू वाळून आक्रसली होती. मी गुपचूप ओलं पोतं अंथरलं, खोलगट बाजू त्यावर पालथी घातली, फुगवटा उन्हाला दिला. संध्याकाळपर्यंत फळ्या सरळ. मग खोलीत, मध्ये पट्ट्या घालून एकावर एक रचल्या आणि वर वर्षाच्या गव्हाची पोती ठेवली. त्या पोत्यांना मी कुणाला हात लावू देईना, म्हणून चार दिवस घरात नुसत्या भाकरी.

एक पाट झकास झाला. दुसऱ्याच्या एका कोपऱ्यात पीळ राहिलाच. तो डुगडुगायचा. खाली लग्नपत्रिकेची घडी सारली आणि देवाचं नाव घेतलं.

मांडवात नेमका तोच पाट लेकीच्या वाट्याला आला, आणि घडी राहिली घरी! ती बसली, पाट हलला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळा भार त्या कोपऱ्यावर टाकला. फोटोवाला ओरडला, "ताई, सरळ बसा!"

"मी अशीच बसणार," ती म्हणाली. विधी संपेपर्यंत एका अंगावर कलून बसली, पाट हलू दिला नाही. मी मांडवाच्या केळीच्या खांबाआड जाऊन ढसाढसा रडलो.

सासरी जाताना तिने तोच पाट गाडीत टाकला.